कार्ड मेलेलं नव्हतं

गुहागरात कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही. पडवीत बसून जुन्या लॅपटॉपवर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम घातली. नेटवर्क कार्डं दाखवणारी इफकॉन्फिग ही कमांड मारली तर वायफाय कार्डच दिसेना! दोन तास कार्ड मेलं समजून बसलो. मग कळलं, 11व्या आवृत्तीपासून मूळ कार्ड तिथे दाखवतच नाहीत, सिस्कटल या दुसऱ्या कमांडला 'नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हायसेस' विचारावं लागतं. तिथे माझं कार्ड, आयडब्ल्यूएन० या नावाने, अगदी निवांत. आरसी.कॉन्फ या सेटिंगांच्या फाइलीत त्याच्यावर डब्ल्यूलॅन० हा वायफायचा इंटरफेस उभा केला, तरी जोडेना. वायफायला पासवर्ड देऊन जोडणाऱ्या डब्ल्यूपीए सप्लिकंटच्या फाइलीत पासवर्डापुढचं अवतरणचिन्ह मीच खाल्लेलं. (चष्मा बदलायला हवा.)

आई आंबोशी आत घेता घेता म्हणाली, "रेंज हवी तर विहिरीकडे जा की रे, सगळे तिथेच उभे असतात."

संध्याकाळी पहिलं पिंग, म्हणजे जोडणी तपासायचा संदेश, गेलं. ओरडून आईला बोलावलं, तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, राउटरला कुठली!