ईको कॅम्पर, भाग तीन: गाडी बेळगावची, पंखा दुबईचा, फळ्या कुडाळच्या

मंडळी, जुन्या मारुती ईको व्हॅनची मी कॅम्पर, म्हणजे झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करतोय. मागच्या नोंदीनंतर बहुतेकांनी एकच विचारलं. सावंतवाडीला राहतोस, बांद्यापलीकडे लगेच गोवा, मग आंबोली घाट चढून बेळगावची गाडी का आणलीस? आज थोडं काम दाखवतो आणि बराचसा हिशोब मांडतो. सीमेपलीकडे स्वस्त मिळतं म्हणजे नेमकं काय स्वस्त मिळतं, हे एकदा कागदावर आलेलं बरं.

गोव्यात जुनी ईको सहज मिळते आणि भावही बरा सांगतात. पण म्हापशाकडे पाहिलेल्या बहुतेक गाड्यांची चटई उचलली की खाली पत्रा कमी आणि तपकिरी भुगा जास्त. सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकांवरचे कमानीचे भाग, छताच्या कडेची पन्हाळ आणि पायरीच्या आतली बाजू या चार जागा टॉर्च घेऊन बघायच्याच. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यात आपल्या सिंधुदुर्गातल्या गाड्याही काही वेगळ्या नाहीत. वेंगुर्ल्याची गाडी आणि कळंगुटची गाडी गंजाच्या बाबतीत सख्ख्या बहिणी. घाटावर मात्र पत्रा टिकतो. माझी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा आमचे मेस्त्री खालून म्हणाले, "खंयसून आणलास ही गाडी? बुडाक गंज नाय!" त्या एका वाक्यासाठी मी दहा-पंधरा हजार जास्त मोजायलाही तयार होतो.

आता कराचं बघा. कर्नाटकात नव्या गाडीवरचा आजीवन कर देशात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी एक आहे. पहिल्या मालकाने तो भरलेला असतो, पण गाडी जुनी झाल्यावर बाहेरच्या राज्यातल्या गिऱ्हाइकाला त्याचा थेट उपयोग नाही, म्हणून विकणाऱ्याला भाव खाली आणावा लागतो. भाव करताना हाच मुद्दा वापरायचा. मात्र तिथे वाचलेले पैसे इकडे आल्यावर दुसऱ्या खिशातून जातात. बेळगावच्या केए-२२ नंबराची आपल्या सिंधुदुर्गाची एमएच-०७ करायची तर बेळगावच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना-हरकत आणायची, इथे फॉर्म २७ भरायचा आणि गाडीचं वय धरून महाराष्ट्राचा कर भरायचा. आपल्याकडे दहा लाखांखालच्या नव्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आहे, डिझेलला १३. जुनीला वयाप्रमाणे कमी होत जातो. कर्नाटकात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण इथली नोंदणी झाल्याचा पुरावा घेऊन पुन्हा तिकडे अर्ज करावा लागतो. माझा अर्ज अजून फिरतोय. सगळं धरून पाहिलं तर गाडी इथल्याइतक्याच पैशांत पडली. फायदा झाला तो पत्र्याचा.

काही जण सुचवतात की नंबर बदलूच नकोस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीला नवा नंबर घ्यावाच लागतो. हा खेळ आपलाच आहे असंही नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात विक्रीकर नाही, म्हणून दुसऱ्या राज्यांतले लोक तिथे कागदोपत्री कंपनी काढून लाखो डॉलरच्या मोटरहोम तिच्या नावावर नोंदवतात. आपल्याकडे महागड्या गाड्यांना पुदुच्चेरीचा नंबर घ्यायची तीच तऱ्हा. माझ्या ईकोसाठी इतका उपद्व्याप म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

सुट्या सामानाबद्दल एक जुनी समजूत आहे की पणजीला घेतलं तर स्वस्त. १ जुलै २०१७ आधी ती बऱ्याच अंशी खरी होती, कारण प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. जीएसटी आल्यापासून कोल्हापूर, बेळगाव, म्हापसा कुठेही बिलावरचा कर एकच. आता फरक पडतो तो दुकानदाराच्या नफ्याचा आणि वाहतुकीचा. त्यापेक्षा कधी घेतलं याने जास्त फरक पडला. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर पॅनलवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा २८ वरून १८ वर. लिथियम आधीपासून १८ वर होती, त्यामुळे लिथियमचा कराचा फायदा संपला आणि निवड फक्त वजन आणि आयुष्य यांवर आली. मी लिथियमच घेतली. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने बॅटरी मागे जाते, आणि तिथे उगाच वजन वाढवायचं नव्हतं.

बिलाशिवाय कमी करून देतो म्हणणारे तिन्ही राज्यांत भेटतात. बॅटरी अशी घेऊ नका. दोन वर्षांनी वॉरंटी मागायला जाल तेव्हा दुकानदार ओळखही दाखवणार नाही.

पेट्रोलचा फरक मात्र खरा. गोव्यात लिटरमागे काही रुपये कमी पडतात, पण टाकी भरली तरी फार मोठी रक्कम वाचत नाही. त्यासाठी मुद्दाम जाऊ नये. जाणं होतंच, तेव्हा सीमेवरच्या पत्रादेवीला भरून घ्यायचं. परत येताना नाक्यावर दारूची तपासणी असते आणि गाडीत फ्रीज दिसला की तो उघडायला लावतात. माझ्या फ्रीजमध्ये सोलकढी होती.

ज्या खजिन्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही तो आपल्या किनाऱ्यावर आहे: होडीचं सामान. कॅम्पर आणि होडी यांच्या गरजा सारख्याच. बारा व्होल्टची वीज, पाण्याचा छोटा पंप, गंजणार नाहीत अशी बिजागरं, ओलावा सोसणारी वायर. कॅम्परचं सामान म्हणून ऑनलाइन जे विकतात त्याचीच भावंडं मालवणात आणि गोव्यातल्या बोटींच्या दुकानांत निम्म्या भावात मिळतात. तिथे ३१६ ग्रेडचं स्टेनलेस स्टील मागा. ३०४ शहरात चालतं, समुद्राकाठी त्यावरही तांबूस डाग धरतात. वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, साध्या तांब्याची टोकं दोन पावसाळ्यांत हिरवी होतात. फायबरच्या होड्या करणाऱ्या एका कारागिराकडून पाण्याची टाकी साच्यावर करून घेतली, मागच्या चाकाच्या कमानीला बरोब्बर बसणारी. मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनचा खर्च वेगळा धरूनही बाहेरच्या तयार टाकीपेक्षा स्वस्त पडली.

फळ्यांसाठी कुडाळला गेलो. प्लायवुडवर आयएस ७१० चा, म्हणजे पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचा, छाप बघूनच घ्या. ३०३ चा साधा माल आपल्या दमट हवेत फुगतो. पलंग मागची सीट दुमडून तिच्यावर बसतो आणि सगळं नटबोल्टवर सुटं होतं. सीट काढली की आरसी बुकातली आसनसंख्या आणि गाडी यांचा मेळ राहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मंजुरीशिवाय असे बदल करू देत नाही. म्हणून सीट तशीच ठेवली.

आता परदेशी सामान, ज्यासाठी बरेच जण इथवर वाचत आलेत. गाडीच्या छताला भोक पाडून बसवायचा पंखा, चौदा इंची चौकोनात बसणारा, अमेरिकेत तीनशे डॉलरच्या आसपास मिळतो. इथले आयात करणारे मला जवळपास दुप्पट सांगत होते आणि त्यात लूट आहेच असं नाही. सीमाशुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. जहाजाचं किंवा विमानाचं भाडं आणि विमा मिळवून जी किंमत होते तिच्यावर लागतं, त्यावर अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. पंखा हलका पण खोका मोठा, त्यामुळे भाडंच पहिल्यांदा मान मोडतं. माझा मावसभाऊ दुबईला आहे. तिथे व्हॅट ५ टक्के आणि वाळवंटात कॅम्पिंग करणारे पुष्कळ, म्हणून दुकानात माल असतो. सुट्टीवर येताना तो खोका सामानाच्या सवलतीत घेऊन आला, बिलासकट. कोकणात प्रत्येक वाडीत कुणीतरी आखातात आहेच, तेव्हा विचारून बघा.

बॅटरी मात्र कुणाला आणायला सांगू नका. विमानात एअरलाइनच्या परवानगीनेही १६० वॅट-तासांपर्यंतचीच नेता येते. १२.८ व्होल्ट, १०० अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२८० वॅट-तास. विमानतळावरच राहील.

अमेरिकी यादी बघून सामान मागवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. बारा व्होल्टचं काहीही चालतं, पण बाहेरून वीज घ्यायचं त्यांचं सामान १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३०. आणि त्यांचे गॅसचे सांधे आपल्या सिलिंडरच्या रेग्युलेटरला बसत नाहीत. मी पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि घरगुती शेगडी ठेवली आहे. दाराबाहेर सावलीसाठी उघडायची छत्री (ऑनिंग) हीही तिकडची नको, त्यांची गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते म्हणून दार आणि छत्री उजवीकडे असते. आपल्याला डावीकडे हवी, तशी मागवायची तर ऑस्ट्रेलियाची बघा. तिथेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.

अख्खी तयार कॅम्पर परदेशातून आणायचं कुणाच्या डोक्यात असेल तर जुनी गाडी उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतलीच लागते, आणि शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त होतं. जपानच्या छोट्या कॅम्पर व्हॅन कितीही गोड दिसल्या तरी त्या पडद्यावरच बऱ्या.

आजची स्थिती: गंजरोधक आणि झिंक प्रायमर झाला, पुढच्या सीटखाली उष्णतारोधक पत्रा लावला, पलंग बसला, वायरिंग अर्धं झालं. पंखा अजून खोक्यात आहे. भर पावसात छताला भोक पाडणार नाही, आणि आरटीओतल्या निरीक्षकांना आधी विचारायचंय. तोवर पाण्याचा पंप. मालवणच्या दुकानातल्या होडीच्या पंपाचा दाब शॉवरला पुरेल का, कुणी वापरला असेल तर सांगा.