नुवारा एलिया आणि हॉर्टन प्लेन्स: वाऱ्याची बाजू आणि घड्याळ बघून

श्रीलंकेच्या डोंगराळ भागात जायचं ठरलं की बहुतेक जण आधी हॉटेलं बघतात. मी आधी महिना बघतो, मग डोंगराची बाजू ठरवतो आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी वारे नुवारा एलियाच्या बाजूला अडतात, तिथे संततधार असते. त्याच दिवसांत मधल्या डोंगररांगेच्या कण्यापलीकडे, उवा प्रांतात, बंडारवेला आणि एल्ला बरेच कोरडे असतात. महाबळेश्वरात धो-धो आणि वाईत रिपरिप, तसंच हे. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुक्काम एल्लाकडे ठेवावा आणि नुवारा एलियाला जानेवारी ते मार्चमध्ये जावं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन्हीकडे दुपारनंतर जोरदार सरी येतात, दरडी कोसळतात, रस्ता आणि रेल्वे बंद पडतात. तेव्हा जायचंच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी मार्ग चालू असल्याची खात्री करून घ्या. एप्रिलच्या मध्यावर सिंहली-तमिळ नववर्ष येतं. तेव्हा अख्खा देश नुवारा एलियात लोटतो आणि खोल्यांचे भाव वाटेल तसे चढतात. तो आठवडा टाळलेलाच बरा.

कपड्यांचा अंदाज अनेकांचा चुकतो, कारण कोलंबोत उतरल्यावर घामाच्या धारा लागतात. नुवारा एलिया 1,868 मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा पाचशे मीटर उंच. दुपारी वीस अंशांच्या आसपास बरं वाटतं, पण जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे काही वेळा गवतावर दव गोठतं. साध्या लॉजमध्ये खोली गरम करायची सोय क्वचितच असते आणि पावसाळ्यात गाद्याही दमट लागतात. स्वेटरवर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी आणि मोज्यांचे दोन जादा जोड लागतातच. खोली घेताना गीझर चालतो का ते नळ सोडून बघा आणि जादा ब्लँकेट संध्याकाळीच मागून ठेवा.

वर जायला मला रेल्वेच आवडते. नुवारा एलियाचं स्टेशन म्हणजे नानू ओया. तिथून गावात जायला बस किंवा टुकटुक, म्हणजे रिक्षा, मिळते. आरक्षण साधारण तीस दिवस आधी खुलतं आणि चांगल्या गाड्या लगेच भरतात. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यात खिडक्या उघडत नाहीत, त्यामुळे फोटोत काचेची चमक येते. माझी पसंती दुसऱ्या वर्गाच्या आरक्षित जागेला. कोलंबोहून बदुल्लाला जाणाऱ्या काही गाड्या कँडीत शिरतच नाहीत, पेरादेणिया जंक्शनवरूनच वर वळतात. कँडीत मुक्काम असेल तर तिकिटावरचं चढायचं स्टेशन नीट वाचा. पौर्णिमेला, म्हणजे पोयाला, सुट्टी असते. त्या दिवशी अनारक्षित डब्यात पाय ठेवायला जागा नसते.

नानू ओयाच्या पुढे पट्टीपोला हे 1,891 मीटरवरचं देशातलं सर्वात उंच स्टेशन. ते गेलं की लगेच बोगदा लागतो आणि पलीकडे ओहिया. बोगद्याच्या अलीकडे धुकं आणि पलीकडे ऊन, असं पुष्कळदा दिसतं, कारण तिथेच आपण कण्याची बाजू बदलतो. कँडीहून रस्त्याने यायचं तर रंबोडाचा घाट आहे. वळणं जबरदस्त आहेत, उलटीचा त्रास असलेल्यांनी गोळी निघण्याआधी घ्यावी.

हॉर्टन प्लेन्सचा दिवस मात्र काटेकोरपणेच आखावा लागतो. हे पठार 2,100 मीटरच्या वर आहे, 1988 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि लोक जातात ते वर्ल्ड्स एंडच्या कड्यासाठी. हा कडा साडेआठशे मीटरहून जास्त खोल तुटलेला आहे. ऊन चढलं की खालच्या मैदानातली दमट हवा कड्याला लागून वर येते, थंड होते आणि तिचं धुकं होतं. साधारण नऊ-दहानंतर समोर फक्त पांढरा पडदा उरतो. म्हणून नुवारा एलियाहून पहाटे पाचच्या आत गाडी निघाली पाहिजे. न्याहारीचा डबा हॉटेलकडून रात्रीच बांधून घ्या.

पासपोर्ट जवळ ठेवा. परदेशी पर्यटकांचं शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट आहे, शिवाय सेवाशुल्क आणि कर वेगळे. श्रीलंकेत काही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना कमी दर लागतो. तो खिडकीवर आपण होऊन विचारावा. पायवाट सुरू होते तिथे पिशव्या उघडून तपासतात. बिस्किटांची वेष्टनं, प्लास्टिकच्या पिशव्या काढून घेतात, बाटलीवरचं लेबलसुद्धा सोलतात. ही तपासणी मला मनापासून पटते, कारण इथली सांबरं माणसांना सरावलेली आहेत आणि प्लास्टिक खाऊन मरतात. खाणं कागदात किंवा स्टीलच्या डब्यात न्या, म्हणजे रांगेत वेळ जात नाही.

वाट साधारण नऊ किलोमीटरची, वर्तुळाकार. फाटा आला की आधी छोटा वर्ल्ड्स एंड, मग मोठा आणि परतताना बेकर्स फॉल्स. उलट गेलात तर कड्याशी पोचेपर्यंत धुकं आलेलं असतं. तीन-चार तास धरा. माती काळी आणि निसरडी आहे, धबधब्याकडच्या उतारावर तर पाय सटकतातच, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. वाटेवर दुकान नाही. मोठ्या कड्याकडून परत वळलं की घाई संपते. मग झुडपांच्या फांद्या बघत चाला. नाकावर पांढरट शिंग असलेला एक सरडा फांदीला चिकटून निश्चल बसलेला दिसतो. तो जगात फक्त श्रीलंकेच्या या उंच जंगलांतच आहे.

चहाचा कारखाना बघायचा तर सकाळीच जा. रात्रभर हवेच्या झोतावर सुकवलेली पानं तेव्हा रोलरमध्ये पडत असतात. तोडणी नसलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी यंत्रं थंड असतात, म्हणून आधी विचारून घ्या. नुवारा एलियाचा चहा फिक्या रंगाचा आणि सुगंधी असतो. दूध-साखर घालून उकळला की त्यातलं काही उरत नाही. घरच्या चहासाठी सखल भागातला कडक चहा घ्या.

शाकाहारींनी एवढं लक्षात ठेवा: पोल संबोल या नारळाच्या चटणीत आणि बऱ्याच भाज्यांत उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा, असतो. दिसत नाही, म्हणून प्रत्येक वेळी विचारा. मळ्यांच्या गावांत तमिळ शैव, म्हणजे शाकाहारी, खानावळी असतात, तिथे डोसा-वडे निर्धास्त खाता येतात.

परतीचं विमान आणि डोंगरातून उतरणं एकाच दिवशी ठेवू नका. गाड्यांना उशीर होतो, घाटात पाऊस लागला की रस्ताही रखडतो. शेवटची रात्र विमानतळाजवळ नेगोंबोला काढा.