नऊशे एक्याऐंशीवा रकाना

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, शिक्षकांच्या पतसंस्थेत लेखनिक आहे. गोष्ट २०१४ सालची. त्या वर्षी ८ एप्रिलला विंडोज एक्सपी आणि ऑफिस २००३ या दोन्हींचा आधार एकाच दिवशी संपला. यापुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या येणार नाहीत असं समजल्यावर संचालक मंडळाने ठराव करून चार नवी यंत्रं घेतली. त्यांवर विंडोज ७ आणि ऑफिस २०१३ होतं. मार्चअखेरची धावपळ संपून शाळांना सुट्टी लागली, तेव्हा मे महिन्यात आम्ही सगळं काम नव्या यंत्रांवर आणलं.

आमच्या कामाचा गाभा एका एक्सेलच्या फाईलमध्ये आहे. तिला आम्ही 'कपात' म्हणतो. ११४० सभासद, ६४ शाळा. दर महिन्याला प्रत्येक शाळेला यादी जाते: कोणाच्या पगारातून किती वर्गणी, किती हप्ता, किती व्याज कापायचं. मुख्याध्यापक त्यावरून पगारपत्रक करतात. यादीत जो आकडा जातो तोच माणसाच्या पगारातून जातो, म्हणून ती फाईल मी नेहमी भीतभीतच उघडत आले आहे.

फाईल बांधली होती नानांनी. नाना आमचे आधीचे मुख्य लेखनिक, २००९ मध्ये निवृत्त झाले. कुठल्याही क्लासला न जाता, पुस्तकं वाचून आणि रात्री थांबून थांबून त्यांनी ती उभी केली. व्याजाचे दर सगळे एका वेगळ्या पानावर होते आणि प्रत्येक दराच्या घराला, म्हणजे सेलला, इंग्रजी अक्षरांत एक नाव होतं. मंडळाने दर बदलला की त्या एका घरात आकडा बदलायचा, सगळी यादी आपोआप बदलते. दीर्घ मुदती कर्जाच्या दरांना डीईईआर१, डीईईआर२ अशी नावं. आकस्मिक कर्जाच्या दरांना एकेएस१, एकेएस२. सभासदापुढे फक्त कर्जाचा प्रकार लिहायचा, सूत्र अक्षरं आणि आकडा जोडून नाव तयार करतं आणि इनडायरेक्ट या फंक्शनने त्या नावाचा दर उचलतं. मी ते कधी पुरतं समजून घेतलं नव्हतं. चालत होतं.

नव्या यंत्रावर फाईल पहिल्यांदा उघडली तेव्हा सभासदांची नावंच वाचता येईनात. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं यांची खिचडी. साहेब खुर्चीतून उठून आले, "अहो, सगळं गेलं की काय?" म्हणाले. गेलं काहीच नव्हतं. आमची जुनी नावं 'सुरेख' फाँटमध्ये टाइप केलेली, आणि त्या जातीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट यंत्रावर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या यंत्रातून फाँटची फाईल आणली, बसवली, दहा मिनिटांत नावं जागेवर आली. पण त्या दहा मिनिटांनी सगळ्यांची भीती ओसरली. जे बिघडायचं होतं ते बिघडून नीट झालं, असंच मलाही वाटलं.

मग वरच्या पट्टीची सवय लागायला दोन आठवडे गेले. फाईल, एडिट, व्ह्यू असे मेनू जाऊन टॅबांची रिबन आली होती. ती २००७ पासूनच आली होती, आम्ही मात्र २००३ वरून थेट उडी मारली होती. आमच्या ऑफिसातल्या आक्कांना प्रिंट प्रिव्ह्यू सापडेना, मला पेस्ट स्पेशल सापडेना. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही, हात वळला.

फाईल जुन्या एक्सएलएस प्रकारातच चालू होती. वर नावापुढे 'कम्पॅटिबिलिटी मोड' असं दिसायचं. १० जूनला मी ती नव्या प्रकारात बदलली. फाईल मेनूत जाऊन कन्व्हर्ट. कोणी सांगितलं नव्हतं, माझाच निर्णय. आकाराने लहान होते आणि मुख्याध्यापकांना मेलने याद्या पाठवायला सोपी जाते, हे मला पटलं होतं. मधे ज्या सूचना आल्या त्या न वाचता मी ओके दाबत गेले. सुदैवाने जुन्या फाईलची प्रत ठेवली होती.

१७ जूनला याद्या छापल्या. शाळा आदल्याच दिवशी उघडल्या होत्या. यादी सुरेख दिसत होती, स्तंभ सरळ, नावं स्वच्छ. अकरा शाळांच्या याद्या सकाळीच गेल्या. काही शिक्षक येऊन घेऊन गेले, डोंगराकडच्या दोन शाळांच्या शिपाईमामांनी एस.टी.ने नेल्या. बाकीच्या याद्यांना शिक्के मारायचे राहिले होते.

साडेअकराच्या सुमारास आक्का माझ्या टेबलापाशी आल्या. आक्का वसुली बघतात. तीस वर्षं झाली त्यांना. संगणकाशी त्यांचं वैर नाही, पण स्वतःची दोनशे पानी वही त्यांनी कधी सोडली नाही. मागच्या महिन्याची व्याजाची एकूण रक्कम, त्यात नवी कर्जं किती वाढली, फिटलेली किती उतरली, हप्त्यांमुळे किती कमी होणार, असा अंदाज त्या आधीच काढून ठेवतात. यादी आली की तिच्याशी ताडून बघतात.

"अगं, व्याज उतरलंय," त्या म्हणाल्या.

"उतरणारच ना आक्का, हप्ते गेलेत."

"हप्त्यानं पाच हजार उतरतं, फार तर सात. हे छत्तीस उतरलंय."

महिन्याला व्याज चौदा लाखांच्या पुढे असतं. त्यात तीस-एकतीस हजार म्हणजे शंभरात दोन रुपये. मी यादी वरून खाली तीनदा पाहिली असती तरी मला ते दिसलं नसतं, हे मी आजही मान्य करते. एकही घर लाल नव्हतं, कुठे चुकीची खूण नव्हती.

एक सभासद घेतला आणि कागदावर हिशेब केला. दीर्घ मुदती कर्ज २,४०,००० बाकी, दर ११ टक्के, महिन्याचं व्याज २,२००. आकस्मिक कर्ज २०,००० बाकी, दर १२ टक्के, व्याज २००. एकूण २,४०० हवेत. यादीत २,२००. दुसरा घेतला, तिसरा घेतला. प्रत्येक ठिकाणी आकस्मिक कर्जाचं व्याज गायब. व्याजाचा रकाना दोन्ही कर्जांना मिळून एकच असल्यामुळे तो भरलेलाच दिसत होता. ज्यांना फक्त आकस्मिक कर्ज होतं त्यांच्या घरात शून्य होतं, पण शून्यं छापली जाऊ नयेत अशी सोय नानांनीच केली होती. यादी सुटसुटीत दिसावी म्हणून. तिथे नुसती कोरी जागा होती. आकस्मिक कर्ज असलेले एकूण २१२ सभासद.

पोटात गोळा आला. साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, "याद्या थांबवा, गेलेल्या परत मागवा" एवढंच म्हणाले आणि स्वतः फोन घेऊन बसले. ही कपात तशीच गेली असती तर पुढच्या महिन्यात त्या २१२ जणांच्या पगारातून दुप्पट व्याज कापावं लागलं असतं, आणि ते का, हे प्रत्येकाला समजावत बसावं लागलं असतं. पतसंस्था विश्वासावर चालते. शिक्षक आपली पगाराची चिठ्ठी रुपया-रुपया बघतात, आणि त्यांनी बघावीच.

आधी मला वाटलं, नवं एक्सेलच काही वेगळं गणित करतंय. म्हणून जुन्या फाईलची प्रत त्याच यंत्रावर, त्याच एक्सेलमध्ये उघडली. व्याज बरोबर! एक्सेल तेच, सूत्रं अक्षर न् अक्षर तीच, एका फाईलमध्ये २,४०० आणि दुसरीत २,२००. आक्का माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. म्हणजे बिघाड कन्व्हर्ट करण्यात होता, पण कुठे?

सूत्र पायरीपायरीने उलगडून दाखवणारी एक सोय असते, इव्हॅल्युएट फॉर्म्युला. ती लावली. इनडायरेक्टच्या कंसात 'एकेएस१' तयार झालं, बरोबर. पुढच्या पायरीला त्याच्या जागी डॉलरची चिन्हं लावून एका घराचा पत्ता आला. त्याच्या पुढच्या पायरीला शून्य. पत्ता का आला? तिथे तर १२ यायला हवे होते. मी डावीकडच्या वरच्या चौकटीत, जिथे घराचा पत्ता दिसतो तिथे, एकेएस१ टाइप करून एंटर दाबलं. दरांचं पान उघडेल अशी माझी अपेक्षा. पण पडदा सर्रकन उजवीकडे सरकला आणि एका कोऱ्या पांढऱ्या जागी जाऊन थांबला. आजूबाजूला काही नाही. वर रकान्याचं नाव: ए, के, एस.

मी नानांना फोन लावला. सांगून झाल्यावर ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बाळ, आयव्हीच्या पुढे किती रकाने आहेत आता?"

ऑफिस २००३ मध्ये एका पानावर २५६ रकाने होते. ए पासून सुरू होऊन आयव्हीला संपायचे. खाली ओळी ६५,५३६. २००७ पासून रकाने १६,३८४ झाले, शेवटचा एक्सएफडी, आणि ओळी १०,४८,५७६. जुन्या एक्सेलमध्ये तीन अक्षरी रकानाच नव्हता, त्यामुळे तीन अक्षरं आणि आकडा असं नाव खुशाल देता यायचं. गावाच्या वेशीबाहेरच्या माळाला आपण एखादं नाव द्यावं, पुढे गाव वाढावं आणि त्या माळावर तेच नाव असलेली दुसरीच आळी वसावी, तसं झालं होतं. एकेएस हा आता खराखुरा रकाना होता. मोजून पाहिलं तर नऊशे एक्याऐंशीवा.

फाईल नव्या प्रकारात बदलताना एक्सेल अशा नावांच्या आधी खालची रेघ जोडतं, म्हणजे नाव आणि पत्ता यांची गल्लत होत नाही. ज्या सूत्रात नाव सरळ लिहिलेलं असतं तिथे तेही बदलतं. पण आमच्या सूत्रात नाव लिहिलेलं नव्हतंच, ते अक्षरं जोडून ऐनवेळी तयार होत होतं. त्यामुळे रेघ लागलेलं नाव एकीकडे राहिलं आणि सूत्र गेलं कोऱ्या घराकडे. रिकाम्या घराची किंमत शून्य, शून्य दराचं व्याज शून्य. दीर्घ मुदतीची नावं चार अक्षरी होती आणि चार अक्षरी रकाना आजही नाही, म्हणून ती वाचली. जुनी फाईल जुन्या प्रकारात उघडली की पान २५६ रकान्यांचंच राहतं, म्हणून तिथे सगळं बरोबर येत होतं.

"माझीच चूक," नाना म्हणाले. मला ते अजिबात मान्य नाही. त्यांनी ज्या जमिनीवर घर बांधलं तिच्यावर ते पक्कं होतं, आणि पंधरा वर्षं एका रुपयाचा फरक न पडता ते उभं राहिलं. न वाचता ओके दाबणारी मी होते.

नावं बदलून एकेएसएम१, एकेएसएम२ केली, सूत्रं बदलली. शून्यं दिसू दिली. मग एक कोरं पान घेऊन जुन्या फाईलचं प्रत्येक सभासदाचं व्याज वजा नव्या फाईलचं व्याज, असे ११४० फरक काढले. सगळे शून्य आले. तरी आक्कांनी त्यातले वीस सभासद निवडून वहीत हाताने हिशेब केला, आणि तो होईपर्यंत मी प्रिंटरला हात लावला नाही. गेलेल्या अकरांपैकी नऊ याद्या संध्याकाळपर्यंत परत आल्या. डोंगराकडच्या दोन मुख्याध्यापकांना साहेबांनी फोनवर एकेक आकडा सांगितला, त्यांनी जुन्या यादीवर पेनाने दुरुस्त करून वाचून दाखवला. बाहेर पावसाची पहिली मोठी सर चालली होती, रेंज जात होती, तरी सांगून झालं. नव्या ६४ याद्यांवर शिक्के मारून पूर्ण झाले तेव्हा साडेआठ वाजले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नानांचा फोन. रात्री झोप लागली नाही म्हणाले. आपण कुठे कुठे तीन अक्षरी नावं दिली होती ते आठवत बसले होते.

"लिहून घे. लाभांशाची फाईल. तिच्यात वर्षअखेरच्या तारखेच्या घराला मी एमएआर३१ नाव दिलंय. सूत्रात नाही, मॅक्रोत आहे, वर्षअखेरीला चालवायच्या आज्ञांच्या यादीत. ते तुला मार्चपर्यंत दिसणार नाही."

मी नऊऐवजी आठलाच ऑफिस उघडलं. लाभांशाची फाईलही मी त्याच १० जूनला बदलली होती. डावीकडच्या चौकटीत एमएआर३१ टाइप करून एंटर दाबलं. पडदा उजवीकडे सरकत गेला आणि पुन्हा त्या कोऱ्या पांढऱ्या जागेत जाऊन थांबला.