काळी वाळू आणि आजीचं रोळणं

मागच्या रविवारी ऑस्ट्रेलियात बॅलरॅटजवळच्या ओढ्यावर मी परातीत रेती धुऊन सोनं शोधत असताना एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुमच्या मुंबईत म्हणे लोक गटारातून सोनं काढतात?" विचारताना नाक मुरडलेलं. मी नुसतं "हो" म्हणाले आणि परातीत बघत राहिले. ते "हो" आठवडाभर सलतंय, म्हणून हे लिहितेय.

इथे व्हिक्टोरिया राज्यात माइनर्स राइट नावाचा परवाना मिळतो. एकदा काढला की दहा वर्षं बघायला नको. सरकारी जमिनीवर, जिथे मनाई नाही तिथे, हातातल्या अवजारांनी सोनं शोधायचं आणि सापडेल ते आपलं. यंत्र चालत नाही, खणलेला खड्डा बुजवूनच निघायचं. १८५४ साली बॅलरॅटमध्येच युरेकाला खाणवाल्यांनी जाचक परवान्याविरुद्ध बंड केलं, त्यात माणसं मेली, आणि पुढच्या वर्षी हा हक्क आला. साध्या माणसाला जमिनीतलं सोनं स्वतःचं म्हणता येतं, याचं मला फार अप्रूप आहे.

पण सोनं दिसणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं. ओढ्यातली रेती धुता धुता शेवटी परातीत चमचाभर काळी वाळू उरते, आणि सोन्याची पूड नेमकी तिच्यात अडकते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू आठवा, इल्मेनाइट या खनिजाची. इथे तेही असतं आणि मॅग्नेटाइट हे लोहखनिजही. साधी गारेची रेती पाण्याच्या २.६५ पट जड, म्हणून ती सहज वाहून जाते. मॅग्नेटाइट ५.२ पट, ते मागे राहतं. सोनं तर १९.३ पट जड. एवढा फरक असताना ते वेगळं व्हायला काय हरकत आहे, असं मलाही वाटायचं. पण मॅग्नेटाइटचा टपोरा दाणा आणि सोन्याचा अगदी बारीक कण पाण्यात जवळपास सारखेच वागतात. शिवाय हे सोनं बहुतेक चपट्या पापुद्र्यांचं. बोटाला जरा तेलकटपणा असला की ते तरंगतं आणि डोळ्यांदेखत कडेवरून निघून जातं. सहा महिने मी वाळूबरोबर सोनंही ओतून देत होते.

हे सुटलं ते झवेरी बाजारात. डिसेंबरात गिरगावात घरी होते. मामाने अख्खं आयुष्य एका पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवलं. माझं रडगाणं ऐकून तो म्हणाला, "उद्या सकाळी लवकर चल, दुकानं उघडायच्या आत." मुंबादेवीच्या मागच्या गल्लीत एक घमेलावाला उकिडवा बसला होता. आमच्या घरात यांना झारेकरी म्हणतात. कारागिरांच्या कानशीतून, कपड्यांतून, हात धुतलेल्या पाण्यातून जो सोन्याचा कण रस्त्यावर आणि गटारात जातो, तो हे लोक परत मिळवतात. त्याच्या घमेल्यातही काळंच होतं: लोखंडाचा कीस, काजळी, गाळ. मामाने ओळख करून दिली आणि मी माझी अडचण सांगितली. त्याने हात न थांबवता विचारलं, "ताई, चाळून घेता का आधी? मोठं-बारीक एकत्र धुतलं तर काय हाती येणार?"

मी चाळत नव्हते. कुणी सांगितलंच नव्हतं.

मग त्याने चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून दाखवला. नुसता लावला तर कीस त्यालाच चिकटून बसतो. पिशवीतून लावायचा, उचलायचा, पाण्यात हलकेच झटकायचा, पुन्हा उचलायचा. लोखंडाच्या झुपक्यात धरलेलं सोनं झटकताना खाली पडतं. शेवटी घमेलं कलतं धरून, कडेला तळव्याने टकटक करत त्याने ओंजळभर पाणी मागेपुढे खेळवलं. काळं पुढे सरकलं आणि मागे एक पिवळी रेघ राहिली, नखाच्या कोरीएवढी.

ते बघताना मला आजी आठवली. चाळीतल्या मोरीत पातेल्यात तांदूळ रोळत बसायची. पाणी हिंदोळत तांदूळ दुसऱ्या भांड्यात जायचे आणि तळाला खडे राहायचे. अगदी हीच हालचाल! फक्त ती जड ते टाकायची आणि आपण जड ते ठेवायचं. या कामाला आपल्याकडे मुळात शब्द आहे, रोळणं, आणि मी सहा महिने पॅनिंग पॅनिंग करत यूट्यूब बघत होते.

आता त्या नाक मुरडण्याबद्दल. मुंबईत सोनं वेगळं करायला पारा आणि तेजाब वापरतात, कोंदट खोल्यांत वापरतात, पाऱ्याची वाफ माणसाला संपवते. हे खरं आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण एकोणिसाव्या शतकात इथल्या खाणीही पाऱ्यावरच सोनं धरत होत्या. तोच ओढा, तीच परात सॉव्हरिन हिल या बॅलरॅटच्या खुल्या संग्रहालयात तिकीट काढून शाळेची मुलं हाताळतात आणि तो वारसा ठरतो. झवेरी बाजारातला माणूस पोटासाठी करतो तर ते गटार. मी नोकरी सांभाळून रविवारी हौस म्हणून करते, माझी भाकरी त्यावर अवलंबून नाही. म्हणूनच ते "हो" एवढं तोकडं वाटलं. त्या घमेल्यावाल्याचा हात माझ्यापेक्षाच काय, त्या ओढ्यावरच्या कुणाहीपेक्षा सरस आहे.

परत आल्यावर बरणीत साठवलेली वाळू काढली. तीन जाळ्यांतून चाळली आणि प्रत्येक वाटा वेगळा रोळला. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला, म्हणजे पापुद्रे तरंगत नाहीत, बुडतात. चुंबकाने मॅग्नेटाइट गेलं. इल्मेनाइट साध्या चुंबकाला दाद देत नाही. तेवढं वाळवून, कागदावर पसरून, अगदी हलकी फुंकर मारत उडवलं. जे उरलं ते चिमूटभरही नव्हतं, पण पिवळंधमक होतं. आता ते काचेच्या कुपीत आहे.

येत्या रविवारी ते गृहस्थ ओढ्यावर असतीलच. त्यांच्या परातीतही काळी वाळू साठून राहते, मी पाहिलंय. पिशवीत गुंडाळलेला चुंबक घेऊन जाणार आहे. त्यांना करून दाखवीन आणि कुठल्या गल्लीत, कुणाकडून शिकले तेही सांगेन.