पहिली बादली

युगांडातल्या एका गावात हातपंपाचं पाणी लाल येत होतं. बायकांनी पंप सोडून पुन्हा डबक्याची वाट धरली होती. प्रयोगशाळेच्या अहवालात लोह भरपूर दिसत होतं, म्हणून इथे इंदूरला, राजेंद्रनगरच्या घरी बसून मी लोह काढणाऱ्या फिल्टरचं डिझाइन जवळजवळ पुरं केलं होतं.

बाबा शेजारी पेपर वाचत होते. त्यांची सगळी नोकरी झाबुआ-धारकडच्या हातपंपांत गेली. फोटो बघून म्हणाले, "अगं, हा तर आपला मार्क टू!" खरंच आपला, 'इंडिया मार्क टू' हातपंप. सोलापूरकडच्या पंपावरून 1970च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं तो घडला आणि पुढे आफ्रिकेत गावोगाव पोचला.

मग त्यांनी विचारलं, "लाल पाणी सकाळीच येतं, की दिवसभर?"

मला सांगता येईना. आमच्या तक्त्यात नमुन्याची तारीख होती, वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी आपल्या नऊ वाजता, म्हणजे तिथल्या साडेसहाला, आमची तिथली इंजिनिअर पंपाशी उभी राहिली. रात्रीपासून कोणी दांड्याला हात लावला नव्हता. पहिली बादली विटकरी आली. पाचवी फिकट. विसाव्या बादलीचा तळ मला मोबाइलवरसुद्धा दिसला. पोटात खड्डा पडला.

लोह जमिनीतलं असतं तर ते उपसा करूनही येतच राहिलं असतं. हे पाइपाचं होतं. तिथल्या पाण्याचा सामू, म्हणजे pH, 5.9; पाणी आम्लधर्मी. सामू 6.5च्या खाली असला की लोखंडी पाइपावरचा जस्ताचा मुलामा टिकत नाही. तो गेला की लोखंड गंजतं, आणि रात्रभर थांबलेलं पाणी तो गंज घेऊन वर येतं. सामूचा आकडा त्याच अहवालात, लोहाच्या दोन ओळी खाली होता. मी तो वाचलाही होता! माझा फिल्टर बसला असता, तर तो धुण्याचं काम त्याच बायकांच्या गळ्यात पडलं असतं आणि खाली पाइप कुजतच राहिले असते.

डिझाइन मी मागे घेतलं. त्याच दिवशी तक्त्यात दोन रकाने वाढवले: नमुन्याची वेळ, आणि त्याआधी किती बादल्या उपसल्या.

महिनाभरानं पाइप वर काढले. तीन-तीन मीटरचे तुकडे, आणि आट्यांपाशी आरपार भोकं. संध्याकाळी बाबांना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"नवे पाइप स्टेनलेसचे घालताय ना? मग कपलिंगंही त्याचीच घाला. जुनी एकही ठेवू नका."

मी तसंच कळवलं.