क्रोकेट खाल्लं तर चालेल का?

मी मडगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. इथे मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न भाताचा नाही की फेणीचाही नाही. "मॅडम, बाकी सगळं सोडते, पण क्रोकेट खाल्लं तर चालेल ना?" हा तो प्रश्न. गोव्यातलं क्रोकेट म्हणजे खिम्याची बोटाएवढी तळलेली वळकटी. विचारणाऱ्यांत मधुमेहाचे पेशंट असतात, वजन उतरवायला आलेल्या मुली असतात, घरात ख्रिसमसची तयारी सुरू झालेल्या बायका असतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. चालेल. पण ते जेवणात धरून. जेवणाआधी नाही आणि चहाबरोबरही नाही.

इंटरनेटवर क्रोकेटच्या कॅलरी शोधल्या तर बहुतेक आकडे युरोपातल्या क्रोकेटचे मिळतात. स्पेनमधल्या हॅमच्या क्रोकेटात मुख्य ऐवज लोणी, मैदा आणि दुधाच्या घट्ट सॉसचा असतो, हॅम थोडंच. गोव्यातलं बीफ क्रोकेट पोर्तुगीजांकडूनच आलं, पण इथल्या स्वयंपाकघरात ते बरंच खिम्याचं झालं. अर्धा किलो खिमा, आलं-लसूण, हिरवी मिरची, जिरं, हळद, माडाचं व्हिनेगर, भिजवून पिळलेले पावाचे दोन-तीन स्लाइस आणि एक अंडं. बोटाएवढ्या वळकट्या करायच्या, रव्यात घोळवायच्या आणि तळायच्या. एवढ्यात पंचवीसेक क्रोकेटं होतात.

आता हिशेब करू. कमी चरबीच्या अर्धा किलो खिम्यात साधारण 100 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे एका क्रोकेटात 4 ग्रॅमच्या आसपास. पाव आणि रवा मिळून पिष्ट (कार्बोहायड्रेट) 2-3 ग्रॅम. खिम्यातली चरबी आणि शोषलेलं तेल धरून स्निग्धांश 5 ग्रॅमपर्यंत. सगळं मिळून 70-80 कॅलरी. शिवाय बी-12, जस्त आणि शरीराला सहज मिळणारं लोह. ॲनिमिया असलेल्या बाईला मी हे सोडायला का सांगू?

मधुमेहाच्या पेशंटना मी मुद्दाम सांगते, की साखर वाढवतो तो सोबतचा पाव. दोन क्रोकेटांत जेवढं पिष्ट असतं, त्याच्या कितीतरी पट एका पावात असतं.

तेलाबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण हा भाग पूर्णपणे तुमच्या हातात आहे. तेल तापलेलं असलं की आतल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. चिमूटभर रवा टाकला की तो लगेच फसफसून वर यायला हवा. कढईत एकदम दहा-बारा क्रोकेटं सोडली की तेल थंडावतं, कवच धरत नाही आणि क्रोकेट तेलकट होतं. शिवाय बरंचसं तेल आत जातं ते क्रोकेट बाहेर काढल्यावर. ते निवताना आतली वाफ आकसते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून काढल्या काढल्या जाळीवर ठेवा, कागदाने टिपून घ्या. ताटलीत ढीग करू नका. घरी तव्यावर थोड्या तेलात परतलीत तर आणखी बरं. गाड्यावर किंवा दुकानात तेल काळपट, फेसाळ दिसलं तर खाऊ नका. त्याला माझा साफ नकार आहे.

खरी गडबड लग्नात होते. हॉलमध्ये ट्रे फिरत असतो, गप्पांच्या नादात पाच-सहा क्रोकेटं पोटात जातात. म्हणजे 400 कॅलरी आणि जेवणापुरतं मांस खाऊन झालेलं असतं. पण ते कुणी जेवण धरत नाही. मग डुकराच्या मांसाचं सोरपोतेल आहे, पुलाव आहे, केक आहे. संध्याकाळी पाचला क्रोकेट-पाव आणि रात्री नेहमीसारखं भरपेट जेवण, हाही तोच प्रकार.

म्हणून मी असं ताट सुचवते: तीन क्रोकेटं, वाटीभर उकड्या तांदळाचा भात, डाळ, भरपूर तांबडी भाजी (लाल माठ) आणि लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर. मासळी त्या दिवशी नको. तीन क्रोकेटांत 12-13 ग्रॅम प्रथिनं मिळतात. 60 किलो वजनाच्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा हा साधारण पाव हिस्सा. मांसामुळे डाळ-भाजीतलं लोहही चांगलं शोषलं जातं. त्यावर लगेच चहा मात्र घेऊ नका, तो हे शोषण अडवतो.

आठवड्यातून एक-दोनदा ठीक. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या वर जाऊ नये, असा वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला आहे. घरात रोस्ट, चिली फ्राय होत असेल तर तेही यातच मोजा. रक्तदाब असेल तर खिम्यातलं मीठ कमी करा, व्हिनेगर आणि मिरी चव सांभाळतात. युरिक ॲसिड किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

एका गटाला मात्र मी स्वतःहून क्रोकेट सुचवते: दात गेल्यामुळे मांस सोडून दिलेली आणि पेज, चहा, बिस्किटांवर दिवस काढणारी म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी खिमा दोनदा बारीक करून घ्या, मिरची कमी घाला, तव्यावर मऊच राहू द्या आणि पेजेबरोबर दोन वाढा.