प्रिन्स्टनला गेलात तर होबी बेकरचं रिंक बघा

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन या विद्यापीठाच्या गावी जाणारे आपले लोक आइनस्टाइनचं घर बाहेरून बघतात, फोटो काढतात आणि परत. मी गेलो होबी बेकरच्या नावाचं रिंक, म्हणजे आइस हॉकीचं बंदिस्त बर्फाचं मैदान, बघायला. एडिसनहून ट्रेन पकडली, वाटेत न्यू ब्रन्सविक लागतं जिथे 1869 मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टनची पहिली कॉलेज फुटबॉल मॅच झाली (रटगर्स 6-4 ने जिंकलं, प्रिन्स्टनवाले हे फारसं सांगत नाहीत), मग प्रिन्स्टन जंक्शनला ‘डिंकी’ नावाची चिमुकली शटल, ती थेट कॅम्पसपाशी सोडते.

होबी म्हणजे 1913 चा इथला फुटबॉल कॅप्टन. फुटबॉल म्हणजे अमेरिकन बरं का, तो अंगावर तुटून पडायचा धसमुसळा खेळ, आणि हा पठ्ठ्या हेल्मेटशिवाय खेळायचा! आइस हॉकीतही कॅप्टन. पुढे न्यूयॉर्कला जे. पी. मॉर्गनच्या बँकेत चिकटला पण तिथे काही जीव रमेना, विमान चालवायला शिकला आणि महायुद्धात फ्रान्सला गेला. स्क्वाड्रनचा (लढाऊ विमानांच्या तुकडीचा) कमांडर झाल्यावर विमानं चक्क प्रिन्स्टनच्या केशरी-काळ्या रंगात रंगवून घेतली.

11 नोव्हेंबर 1918 ला युद्ध थांबलं, हा धडधाकट. 21 डिसेंबरला फ्रान्समधल्या तूलच्या तळावर घरी जायची ऑर्डर खिशात, वर पाऊस, सोबतचे नको नको म्हणतायत, तरी दुरुस्त होऊन आलेलं दुसऱ्याचं विमान तपासायला हा वर गेला, इंजिन बंद पडलं आणि खेळ खल्लास. वय 26. लोक याला शहीद म्हणतात, मला तर निव्वळ हट्ट वाटतो, आणि म्हणूनच जास्त चुटपुट लागते.

1923 मध्ये उघडलेलं रिंक दगडी आहे, बाहेरून जुन्या चर्चसारखं. पैसे हार्वर्ड-येलवाल्यांनीही दिले, म्हणजे मैदानातल्या पक्क्या वैऱ्यांनी!

तिथून पो फील्डवर गेलो. जॉनी पो 1891 च्या सुमाराला इथे फुटबॉल खेळला, अभ्यासात नापास झाला, नंतर जिथे लढाई तिथे हा हजर, शेवटी चाळिशी ओलांडल्यावर ब्रिटिशांच्या ब्लॅक वॉच या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये भरती होऊन 25 सप्टेंबर 1915 ला फ्रान्समध्ये लूसच्या लढाईत मारला गेला. त्याच्या मैदानावर पोरं फ्रिस्बी खेळत होती. एकाला विचारलं पो कोण, तर म्हणाला तो गूढकथावाला एडगर अॅलन पो ना? नाही बाबा, त्याच्या नात्यातला!

जायचं तर हिवाळ्यात हॉकीची मॅच असेल तेव्हा जा, आणि जाड जॅकेट घ्या, आत मरणाची थंडी असते.